बंधनातील अभय
(सुवर्णमहोत्सव समारंभात दिलेले भाषण)



पांजरपोळास देणगी, पक्ष्यांना दाणे, उन्हाळ्यात मुक्या जनावरांना पाणी, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच प्राणिसंग्रहालय म्हटले की आपले मन साशंक होते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच 'बंध' आहे. म्हणजे जीवाला बांधून, कोंडून ठेवणे. मग पिंजरे बाळगणाऱ्या संस्थेचे कौतुक श्रावकाने करावे काय? हा प्रश्न मनात घेऊनच मी दार्जिलिंगचे पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिसंग्रहालय पाहिले.

सुमारे सात हजार फूट उंचीवर, धुक्याने वेढलेल्या डोंगरउतारावर १९५८ साली ही संस्था स्थापन झाली. हिमालयातील दुर्मीळ होत चाललेल्या प्राण्यांचे संवर्धन हे तिचे मुख्य कार्य. १९८३ पासून येथे हिमबिबट्याचे, तर १९९० च्या दशकापासून लाल पांडाचे प्रजनन केले जाते. मांजराहून थोडा मोठा, तांबूस अंगाचा, झुबकेदार शेपटीचा हा प्राणी प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात मांसभक्षक गणात मोडतो. आहार मात्र मुख्यतः बांबूच्या पानांचा! मादीला वर्षातून एकदाच, बहुधा एक-दोन पिले होतात. जंगलतोड आणि शिकारीमुळे झालेली हानी त्यामुळे सहज भरून निघत नाही.

येथे प्रत्येक पांडाच्या वंशावळीची नोंद असते. निकटच्या नात्यातील नर-मादीची जोडी जमवीत नाहीत. प्रजननासाठी राखलेले काही प्राणी पर्यटकांच्या दृष्टीआड ठेवलेले आहेत. २००३ साली येथे वाढलेल्या दोन माद्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आल्या. एक हिंस्र श्वापदाचा बळी ठरली. दुसरीने वनातील नराशी जोडी जमवून पिलाला जन्म दिला. पुढे २०२२ ते २०२४ या काळात आणखी नऊ पांडा त्याच वनात मुक्त करण्यात आले.

बंधूंनो, माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. पांजरपोळ एकेका जीवाला अभय देते; येथे संपूर्ण जातीला अभय देण्याचा प्रयत्न आहे. केवळ मनोरंजनासाठी असलेला पिंजरा आणि मुक्तीची तयारी करून घेणारा पिंजरा यांत भेद केलाच पाहिजे. ज्याचे दार कधी ना कधी वनाकडे उघडते, तेच बंधन क्षम्य. अर्थात सारे प्रश्न सुटत नाहीत. हिमबिबट्याला मांस द्यावे लागते, हे मनाला बोचतेच. आणि जन्मलेला प्रत्येक जीव वनात परततो असेही नाही.

शिवाय परतण्यासाठी वन उरले पाहिजे. जुने वृक्ष आणि त्यांखालचा बांबू नाहीसा झाला, तर पिंजऱ्याचे दार उघडून उपयोग काय?

म्हणून दोन विनंत्या करतो. प्राणिसंग्रहालयात गेल्यावर दयेपोटी प्राण्यांना बिस्किटे, केळी देऊ नका. त्यांचा आहार मोजून ठरविलेला असतो आणि आपले पुण्य त्यांना आजार ठरू शकते. आणि सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टने जीवदया निधीचा काही अंश आपल्या परिसरातील वनराई राखण्यासाठी ठेवावा. जिवाला वाचविणे ही दया. त्याचे घर वाचविणे ही त्याच दयेची पुढची पायरी होय.

जय जिनेंद्र!