धातूच्या पृष्ठावरील सूक्ष्म सुळके

आरशासारखा घासलेला धातूचा पत्रा बोटास गुळगुळीत लागतो. परंतु विद्युत्‌शक्तीची पारख बोटाहून कठोर असते. निर्वात नळींत दोन पत्रे समोरासमोर ठेवून विद्युद्दाब वाढवीत गेलें, म्हणजे न तापवितांहि ऋणाग्रांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडूं लागतात. रॉबर्ट वुड यांनीं अशा प्रकाराचें वर्णन १८९७ सालीं केलें.

धातूंतील इलेक्ट्रॉन जणूं तटाआड कोंडलेला असतो. उष्णता मिळाल्यास तो तट चढून जातो. प्रखर विद्युत्क्षेत्रांत मात्र चढण्याचें कारणच पडत नाहीं; तट इतका पातळ होतो कीं, इलेक्ट्रॉन त्यांतून आरपार निघतो. फाउलर व नॉर्डहाइम यांनीं १९२८ सालीं ही उपपत्ति मांडली. गणितानें यास दर सेंटिमीटरास कांहीं कोटी व्होल्ट हवेत. प्रयोगांत मात्र कित्येकदां दहा लाखांच्या आसपासच प्रवाह सुरूं होतो. मग चुकलें कोण, गणित कीं धातु?

दोष धातूचा! त्या लखलखीत पृष्ठावर ओरखडे, धूलिकण आणि डोळ्यांस न दिसणारे सुळके असतात. उंच इमारतीवरील वीजनिवारक सळईप्रमाणें प्रत्येक सुळक्याच्या टोंकाशीं क्षेत्र एकवटतें. सुळक्याची उंची टोंकाच्या त्रिज्येच्या ५० पट असली, तर तेथील क्षेत्रहि सुमारें तितक्याच पटींनीं वाढतें. शिवाय टंगस्टनवरील क्षेत्र ३ कोटींवरून ६ कोटींवर गेल्यास प्रवाह दुप्पट नव्हे, सुमारें लाखपट होतो! म्हणून अवघ्या पत्र्याचा प्रवाह मोजक्या ठिपक्यांतूनच वाहतो. पृष्ठास चिकटलेला वायूचा थरहि तटाची उंची बदलतो.

हें प्रकरण येथेंच थांबत नाहीं. अतिप्रवाहानें सुळका तापतो, वितळतो, त्याची वाफ होते आणि निर्वातांत ठिणगी पडते. तिनें पडलेल्या खळग्याच्या कडेला नवे सुळके उभे राहतात. जिनीव्हाजवळील सर्न संस्थेच्या ‘क्लिक’ या कणवेगवर्धक यंत्राच्या आराखड्यांत तांब्यावर दर सेंटिमीटरास १० लाख व्होल्टांचें क्षेत्र योजिलेलें आहे. तेथें हा धोका प्रत्यक्ष आहे. म्हणून असे भाग स्वच्छ करून तापवितात व दाब हळूहळू चढवून सुळके बोथट करितात.

परंतु हाच दोष एर्विन म्युलर यांनीं १९३६ सालीं कामास लाविला. टंगस्टनचें एकच अतिसूक्ष्म टोंक करून त्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन त्यांनीं चकाकणाऱ्या पडद्यावर पाडले. त्या टोंकाचें प्रचंड वाढलेलें चित्र तेथें उमटलें. आजच्या कित्येक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांचा झोत अशाच टोंकांतून निघतो. पृष्ठावर नकळत राहिलेला सुळका यंत्र जाळतो. जाणून घडविलेला सुळका अदृश्य सृष्टि दाखवितो.