निरोप आणि पाऊल
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने गतकालाचे गुणगान करावे व तरुणांस चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात, असा रिवाज आहे. परंतु उपदेश करण्यापूर्वी मला माझा स्वतःचा एक अपराध आपणांपुढे कबूल करावयाचा आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप आला. आपल्या धर्मग्रामातील एक वृद्ध विधवा आजारी आहे, तिच्यासाठी प्रार्थना करावी, असा तो निरोप होता. सायंकाळपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची साठांहून अधिक चित्रे जमली. त्यांत एक चित्र माझेही होते. तिसऱ्या दिवशी मी पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन तिच्या घरी गेलो, तेव्हा कळले की, घरातील औषध संपून दोन दिवस झाले होते आणि शेजारणीने पेज करून दिली म्हणून तिच्या पोटात काही गेले होते. ती शेजारीण आपल्या गटात नव्हती. तिच्याजवळ तसला फोनही नव्हता. आजीने मला यत्किंचितही दोष दिला नाही. ती एवढेच म्हणाली, "फादर, एवढ्या पावसात कशाला आलात?" तिने चार कठोर शब्द सुनावले असते, तर मला इतकी लाज वाटली नसती. साठ जोडलेले हात, आणि पुढे झालेला एकही हात नाही! प्रार्थना खोटी होती असे मी म्हणत नाही. तथापि जी प्रार्थना उंबरठा ओलांडीत नाही ती अपुरी राहते, हे संत याकोबाने आपल्या पत्रात केव्हाच सांगून ठेविले आहे.

आता कोणी म्हणेल की, हा सारा दोष त्या यंत्राचा. मला तसे वाटत नाही. संत पौलाने दूरदूरच्या मंडळ्यांस पत्रे पाठविली, ती त्या काळी जी साधने उपलब्ध होती त्यांनीच. प्रश्न साधनाचा नव्हे. निरोप पोहोचल्यावर पाऊल उचलले जाते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने अलीकडेच दोन तरुणांच्या रूपाने आपल्यापुढे ठेविले आहे. 7 सप्टेंबर 2025 रोजी रोम येथे, संत पेत्राच्या चौकात, परमपूज्य पोप लिओ चौदावे यांनी पिएर जॉर्जो फ्रास्साती व कार्लो अकुतिस ह्या दोघांस एकाच सोहळ्यात संत म्हणून घोषित केले.

पिएर जॉर्जो 1901 साली इटलीतील तुरिन नगरात जन्मला. त्याचे वडील 'ला स्ताम्पा' ह्या नामांकित वर्तमानपत्राचे मालक. जगाच्या बातम्या त्या घरी आधी पोहोचत. परंतु आपला मुलगा रोज कोठे जातो, ही बातमी मात्र त्या घराला नव्हती. तो संत विन्सेंट डी पॉल संघाचा सभासद होऊन गरिबांच्या खोल्यांचे जिने चढत होता. खाणकामगारांमध्ये राहून त्यांची सेवा करता यावी म्हणून त्याने खाणशास्त्राचे शिक्षण घेतले, आणि फॅसिस्ट पक्षास उघड विरोध करण्यास तो कचरला नाही. 1925 साली पोलिओने त्यास गाठले. त्याच दिवसांत घरात आजी मृत्युशय्येवर असल्यामुळे त्याच्या दुखण्याकडे कोणाचे नीट लक्ष गेले नाही. मरणाच्या आदल्या दिवशी, हात जवळजवळ निकामी झाला असताना, त्याने वेड्यावाकड्या अक्षरांत एक चिठ्ठी लिहिली. तीत स्वतःविषयी काही नव्हते. एका गरीब रोग्याची इंजेक्शने त्यास पोहोचवावी, आणि दुसऱ्या एकाच्या गहाणाची पावती आपल्या खर्चाने पुढे चालू ठेवावी, एवढाच मजकूर होता. तो त्याचा अखेरचा निरोप. दोनचार ओळींचाच; परंतु काय हवे, कोणास हवे आणि कोणी करावे, हे त्यात स्पष्ट होते. अंत्ययात्रेस गोरगरिबांची दाटी पाहिली, तेव्हा कोठे घरच्या माणसांस आपल्या मुलाची ओळख पटली.

दुसरा कार्लो. तो 1991 साली लंडन येथे जन्मला, मिलान नगरात वाढला आणि 2006 साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने वारला. संगणक ही त्याची आवड. त्या विद्येचा उपयोग करून त्याने पवित्र ख्रिस्तशरीरासंबंधीच्या चमत्कारांची माहिती देशोदेशींहून जमविली व इंटरनेटवर मांडली. ते प्रदर्शन पुढे अनेक देशांत गेले. परंतु हाच मुलगा रोज मिस्साला जात असे आणि रस्त्यावर झोपणाऱ्या निराधारांची विचारपूस करीत असे. पडद्यासमोर बसणे आणि माणसासमोर उभे राहणे, ह्या दोहोंत त्यास विरोध दिसला नाही. पहिल्याच्या हाती कागदाची चिठ्ठी होती, दुसऱ्याच्या हाती संगणक; दोघांचाही निरोप कोणाच्या तरी उपयोगी पडला.

बेल्जियममधील जोसेफ कार्डिन नावाच्या धर्मगुरूने तरुण कामगारांस तीन शब्द शिकविले होते: पाहा, पारखा, कृती करा. पोप योहान तेविसावे यांनी 1961 सालच्या आपल्या परिपत्रकात हीच रीत सर्व ख्रिस्तसभेस सांगितली. आजचा फोन आपणांस मात्र दोनच शब्द शिकवू पाहतो: पाहा आणि पाठवा. पारखणे गळाले आणि कृतीही गळाली.

न पारखता पाठविल्याने काय होते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेपायी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांस जमावाने ठार मारले. तशा अफवा त्या दिवसांत फोनवरून गावोगाव फिरत होत्या. त्या पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कोणावर हातही उगारला नसेल. आपण लोकांस सावध करीत आहो, असेच त्यांस वाटले असेल. मुलांनो, खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा केवळ न्यायालयापुरती नाही. आपल्या अंगठ्यालाही ती लागू आहे.

आणि कृतीविषयी म्हणाल, तर दूर जाण्याचे कारण नाही. 1988 साली आपल्या वसईत हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली येथील माणसे आपली जमीन, आपले पाणी आणि निर्भयपणे जगण्याचा आपला हक्क यांसाठी रस्त्यावर उतरली. त्या वेळी कोणाच्याही खिशात फोन नव्हता. निरोप माणसानेच माणसाकडे न्यावा लागे; आणि जो निरोप घेऊन दारात येई, त्याच्या मागोमाग निघणे भागच पडे. 25 जुलै 2024 रोजी फादर दिब्रिटो प्रभूघरी गेले. त्यांच्या आठवणीचे संदेश तुम्ही पुष्कळ पाठविलेत. आता त्यांच्या वाटेने थोडे चाला, एवढेच माझे मागणे आहे.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींसही मला दोन शब्द सांगावयाचे आहेत. आपण तरुणांवर रागावतो की, ते मान खाली घालून फोनमध्ये बुडालेले असतात. परंतु सणाला खुर्च्या लावणे व मंडप सजविणे ह्यापलीकडे आपण त्यांच्यावर कोणते काम सोपविले? हिशेबाची वही त्यांच्या हाती दिली काय? सभेत त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले काय? ज्यास घरात काम नाही तो दारात उभा राहणारच. ह्या अपराधातही मी आपला भागीदार आहे.

म्हणून महोत्सवाच्या ह्या वर्षी आपण एक नेम करू या. आपल्या गटावर आजाऱ्याविषयी वा अडलेल्याविषयी निरोप आला, की त्याखाली पहिले उत्तर जोडलेल्या हातांचे नसावे. 'मी जातो' किंवा 'मी जाते' असे असावे. काय हवे, कोण जाणार आणि केव्हा जाणार, हे ठरल्यावर बाकीच्यांनी खुशाल हात जोडावेत. ज्या बातमीची खात्री नाही ती आपल्यापाशीच थांबवावी. आणि वृद्ध, एकाकी माणसांच्या घरांची वही ह्या आठवड्यापासून तरुणांच्या हाती राहील. ती मी आज ह्या सभेतच त्यांस देत आहे.

ती आजी आता बरी आहे आणि ह्या सभेत मागल्या बाकावर बसली आहे. सभा संपल्यावर तिला घरी कोण पोहोचविणार, हे मी विचारणार नाही. मी फक्त पाहणार आहे.

प्रभू येशू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो, आणि आपल्या पावलांस बळ देवो. आमेन.