दोन दीनार आणि आपला शेजारी

आज एका जुन्या गोष्टीबद्दल बोलायचंय, आणि आपल्या तेरबद्दल.

लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात एक जण येशूला विचारतो, "माझा शेजारी कोण?" येशू गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटसरूला लुटारूंनी अर्धमेला करून टाकलं. याजक आला, बाजूने निघून गेला. लेवी आला, तोही गेला. मग आला एक शोमरोनी. यहुदी लोक त्यांच्याशी संबंधच ठेवत नसत. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला धर्मशाळेत नेलं.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्याने धर्मशाळेवाल्याला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर सांगितलं, जास्त खर्च आला तर परत येताना देतो. म्हणजे त्याने खातं उघडं ठेवलं.

दीनार हे रोमन नाणं. त्याच पहिल्या शतकात आपलं तेर, तेव्हाचं तगर, रोमन जगाशी होणाऱ्या व्यापारात होतं. 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरहून भडोचला गाड्यांनी जाणाऱ्या कापडाची नोंद आहे. व्यापारातलं खातं आपल्याला तेव्हापासून कळतं. शेजाऱ्याचं खातं मात्र आपण एकदा मदत केली, फोटो काढला, की बंद करतो.

वरोऱ्यात बाबा आमटे यांना पावसात पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम दिसला. ते आधी घाबरून पळाले. मग परत गेले, त्याची सेवा केली. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, पुढे आनंदवन उभं राहिलं. एकाच माणसात आधी याजक दिसतो, मग शोमरोनी.

आता आपल्याकडचं बघा. पोरं पुण्याला नाहीतर ऊसतोडीला, घरी एकटी आजी. रेशनच्या मशीनवर तिच्या झिजलेल्या बोटांचा ठसा जुळत नाही. आधार जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशी केंद्राची २०१७ ची सूचना आहे. पण हे दुकानात बोलायला तिच्यासोबत कुणीतरी लागतं.

या महिन्यात गल्लीतल्या एका आजीसोबत रेशन दुकानात जा. धान्य मिळेपर्यंत थांबा. आणि पुढच्या महिन्यातही जा.