चर्वण आणि जबड्याची वाढ



मूल चावण्याचा कंटाळा करते म्हणून आपण भाकरी दुधात कुस्करून देतो, आणि पुढे दात वेडेवाकडे आले म्हणजे आनुवंशिकतेला दोष देतो. तो दोष सर्वस्वी खोटा नाही; परंतु दाताचा आकार तो हिरडीबाहेर येण्यापूर्वीच ठरतो, जबडा मात्र चावताना पडणाऱ्या ताणानुसार वाढतो. जबडा लहान राहिला, की दातांची दाटी होते व अक्कलदाढ अडकते.

हार्वर्डच्या झिंक व लीबरमन यांनी २०१६ साली दाखविले, की एक-तृतीयांश मांसाहार करून, दगडी हत्यारांनी मांस कापून व कंद ठेचून खाणाऱ्या आदिमानवाचे चर्वण १७ टक्क्यांनी कमी झाले असावे. माणसाचा जबडा लहान होण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

आपल्याच देशात, चंडीगढ परिसरातील पंजाबी तरुणांच्या, १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भरड अन्न खाणाऱ्या ग्रामीणांपेक्षा शहरी तरुणांत दातांची विषमता अधिक आढळली.

वाकडे झालेले दात चावण्याने सरळ होणार नाहीत. त्यासाठी दंतवैद्यच हवा. तथापि दाढा आलेल्या मुलांना भाकरी, काकडी, गाजर सावकाश चावून खाण्याची सवय लावणे आपल्या हाती आहे. पालकांनी व शिक्षकांनी एवढे अवश्य करावे, ही विनंती.