रंग नंतर, आधी घासणी

धाराशिवपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब. तरी आज किनाऱ्यावरच्या पोलादाबद्दल बोलायचं आहे. वेल्डिंगला, रंगकामाला आपल्या भागातली मुलं मुंबई-कोकणात जातात, आणि समुद्राकाठी जे गंजणं झपाट्यानं घडतं तेच आपल्या बंधाऱ्यांच्या दारांवर सावकाश घडत असतं. माझं सांगणं एकच आहे: रंग नंतर, आधी घासणी.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या सहाच दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागानं पत्र लिहून कळवलं होतं की खाऱ्या वाऱ्यानं आणि पावसानं नटबोल्ट गंजताहेत. पुढे चौकशीत गंजाबरोबर कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग हीही कारणं पुढे आली. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. खारी हवा फार सवड देत नाही.

वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पोलादावर बसतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड ओलसर राहतं. त्याच्यावरच रंग मारला, की मीठ आत कोंडलं जातं. ओल रंगातून झिरपत तिथवर पोचते, बारीक फोड येतात आणि गंज आतल्या आत पसरतो. वरून रंग झकास दिसत असतो! म्हणून किनाऱ्यावर पहिलं काम गोड्या पाण्यानं धुण्याचं. मग ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेनं कठीण कणांचा मारा, पोलाद करडं, खरखरीत होईपर्यंत. त्यावर उघडा हात फिरवायचा नाही, हाताच्या घामातही मीठ असतं. असं उघडं पोलाद दमट हवेत काही तासांतच तांबूस पडायला लागतं, तेव्हा प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला थर, त्याच पाळीत लागला पाहिजे.

कल्हईवाला आठवतो का? भांडं आधी घासून लख्ख करायचं, भट्टीवर तापवायचं, मग नवसागर. पांढरा धूर उठला की कथील टेकवून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. कथील क्षणात पसरतं, सगळी मेहनत त्याच्या आधीची. नवसागरानं पितळेवरचा काळपट थर निघतो आणि कथील धातूला थेट भिडतं. एखादा डाग तसाच राहिला तर तिथं कल्हई धरत नाही, आणि ताक कळकतं. किनाऱ्यावरच्या जस्ताच्या प्रायमरचंही तसंच. जस्त स्वतः आधी झिजतं आणि पोलादाला वाचवतं, पण त्यासाठी ते पोलादाला भिडलेलं हवं. मध्ये गंज असेल तर भिडणार कसं? आणि कल्हई एकदा लावून जन्मभर कुणी भांडं वापरलं नाही. पुलाचा रंगही ठरावीक काळानं तपासावा लागतो, उघडा पडलेला भाग पुन्हा घासून पुन्हा रंगवावा लागतो.

जस्तावर इपॉक्सी, आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेन, कारण नुसतं इपॉक्सी उन्हानं भुकटतं. सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. कडांवर, वेल्डिंगच्या सांध्यांवर, बोल्टच्या डोक्यांवर रंग पातळ बसतो, म्हणून तिथं ब्रशनं एक हात जादा द्यायचा.

आपल्याकडे काय करतात? फाटक असो की टाकीचा स्टँड, गंजावरच रेड ऑक्साईड फिरवतात. पोपडे सुटले की रंगाला नावं ठेवतात. अहो, रंगाला धरायला जागा तर द्या! बिल रंगवलेल्या चौरस मीटरवर निघतं, घासणी कुणी मोजत नाही. माझ्या मते घासलेलं पोलाद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काम तपासणाऱ्या साहेबांनी रंगाचा डबा उघडू देऊ नये. पुन्हा सांगतो, कितीही महाग रंग आणा, तो गंजावर टिकत नाही.



आता बंधाऱ्यांचं बोलतो. कोल्हापुरी बंधाऱ्यांची लोखंडी दारं पावसाळ्याआधी काढून काठावर रचून ठेवतात. रचण्याआधी चिखल धुवा. ब्लास्टिंग परवडत नसेल तर तारेच्या ब्रशनं पापुद्रे काढा, धातू दिसू द्या, दार पूर्ण वाळू द्या, मगच प्रायमर लावा. रबराच्या पट्टीला रंग लागू देऊ नका. गावोगावच्या पाणीवापर संस्थांनी येत्या उन्हाळ्यात एवढं मनावर घ्यावं, ही विनंती.