दोन जिवांची चाल



माहेर शेकडो कोस दूर असलेल्या लेकीसुनांना दिवस राहिले, की आम्ही वडीलधाऱ्या बायका त्यांना काडीही उचलू देत नाही. ही माया चुकते. प्रकृती निकोप असेल, तर डॉक्टरांच्या संमतीने आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे.

सायकलीची सवय असेल, तर ती मोडू नये. मात्र पोट वाढते तसा तोल बदलतो आणि चेन्नईच्या रहदारीत पडण्याचे भय मोठे. तेव्हा घरातील स्थिर सायकल बरी. मरीनावर चालावे ते ऊन चढण्यापूर्वी, पाणी जवळ ठेवून, सहज बोलता येईल इतक्याच वेगाने. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, चक्कर, छातीत दुखणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवताच थांबून रुग्णालय गाठावे.

शेजारच्या तमिळ घरी वळैकाप्पूत गर्भवतीचे हात बांगड्यांनी भरतात; आम्ही डोहाळेजेवणात ओटी भरतो. यापुढे आणखी एक करू या: रोज पहाटे तिच्यासोबत चार पावले चालू. परमुलखात माहेर म्हणतात ते याहून वेगळे नसते.