इमारतीचे मज्जातंतू

बंगळुरूतील एखाद्या बहुमजली कचेरीत शिरणाऱ्यास गारवा जाणवतो, उजेड दिसतो. ही व्यवस्था राखणाऱ्या तारा मात्र छताआड दडलेल्या असतात. त्या कशा विणलेल्या असतात, हे पाहण्यासारखे आहे.

सर्वांत खालच्या पातळीवर तापमान व हवेचा दाब मोजणारे संवेदक आणि झडपा फिरवणाऱ्या लहान मोटारी असतात. त्यांच्या तारा मजल्यावरील नियंत्रकाकडे जातात. असे अनेक नियंत्रक पीळ दिलेल्या तारांच्या एकाच जोडीवर, माळेतील मण्यांप्रमाणे, ओवलेले असतात. 1983 साली प्रमाणित झालेल्या आरएस-485 पद्धतीनुसार, वेग कमी ठेवल्यास, ही माळ सुमारे 1200 मीटरपर्यंत नेता येते. तिला फांद्या फोडणे इष्ट नव्हे. मोकळ्या टोकावरून संदेश परततो व मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. म्हणूनच दोन्ही टोकांना रोधक बसवतात. (केबल वाचवण्यासाठी काढलेली फांदी पुढे शोधण्यात किती दिवस खाते, हे कारागिरांनाच ठाऊक!) नियंत्रकांनी बोलायचे तेही पाळीपाळीने. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या बॅकनेट या मानकामुळे निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांना समान भाषा मिळाली.

मजल्यामजल्यांच्या माळा एका मुख्य वाहिनीस जोडलेल्या असतात, आणि ती नियंत्रण-कक्षातील संगणकापर्यंत पोहोचते. ही तिसरी पातळी होय. संगणक बंद पडला तरी मजल्यावरील नियंत्रक आपले काम चालू ठेवतो. या रचनेचा खरा गुण हाच.

परंतु निर्णय विभागले तरी तारांची वाट बहुधा एकच राहते. विजेच्या व संदेशाच्या तारा वर नेण्यासाठी इमारतीत उभे बोगदे ठेवावे लागतात. 23 फेब्रुवारी 2010 रोजी बंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्समध्ये आग लागली. विजेच्या तारांच्या अशाच उभ्या मार्गाने धूर वरच्या मजल्यांवर पसरला. 9 जण मृत्युमुखी पडले. कित्येकांनी जीव वाचवण्यासाठी खिडक्यांतून उड्या घेतल्या. मजल्यागणिक न बुजवलेला बोगदा धुराड्यासारखाच वागतो.

आगीची सूचना देणाऱ्या तारांचे जाळे म्हणून स्वतंत्र ठेवतात. त्यांचा फेरा सूचनाफलकापासून निघून फलकाकडेच परततो, म्हणजे एके ठिकाणी तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश येतो. बोगदा प्रत्येक मजल्याशी अग्निरोधक द्रव्याने बुजवावा, असे 2016 ची राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. पुढे नवी तार ओढताना कारागीर ते बुजवण फोडतो. ते पुन्हा भरले की नाही, हे नियंत्रण-कक्षातील पडद्यावर दिसत नाही; त्यासाठी कोणी तरी विजेरी घेऊन प्रत्येक मजल्यावर दार उघडून पाहावे लागते.